सात अंश डावीकडे

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. 'नव्हता' असं लिहिलेलं नाही, 'नाही' असंच लिहिलंय. हे सदर मी बरीच वर्षं वाचते आणि बहुतेक अनुभवांखाली जी एक खवचट कमेंट असते ना — "त्या बाईचा फोटो काढलात का?", "पैंजणांचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड का नाही केला?" — ती माझी असते. काही जणांनी मला ब्लॉकसुद्धा केलंय. त्यांची आज जाहीर माफी मागते. कारण आता माझ्याकडेच रेकॉर्डिंग आहे... आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाहीये.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग बनतात, आणि ते नापास करणं हे माझं काम. पार्ट मापात नसला की त्याला लाल टॅग बांधायचा, लाल पेटीत टाकायचा आणि मग कारण शोधायला बसायचं. असं का झालं? मग ते का झालं? मग ते तरी का? असं पाच वेळा विचारायचं, ही आमच्याकडची पद्धत. पाचव्या 'का'ला बहुतेक वेळा कुणीतरी चहाला गेलेलं सापडतं.

घरचं वळणही तेच. बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर होते, आई महापालिकेच्या हॉस्पिटलात सिस्टर. आमच्याकडे लिंबू फक्त सरबतात आणि मिरची फक्त ठेच्यात. नजर लागणं, अंगात येणं, बाहेरचं असणं, या सगळ्यावर बाबांचं एकच उत्तर — "तपासून बघ, मग बोल." रविवारी विहारात वंदना करायची आणि बाकी भरवसा मायक्रोमीटरवर ठेवायचा, असे आम्ही लोक.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मागे त्यांची पांढरी हॅचबॅक राहिली. निवृत्त झाल्यावर घेतली होती, आणि चालवण्यापेक्षा ते ती जास्त पुसायचे. तेव्हा एकदा त्यांनी आईला गाडी शिकवायला घेतली होती. प्राधिकरणातलं एक मोकळं मैदान, आई चालवतेय, बाबा तिच्या डावीकडे बसलेत आणि त्यांचा उजवा हात कायम स्टीअरिंगवर. ती जरा मध्ये सरकली की यांनी ओढलंच. "डावीकडे घे. डावीकडे. अगं, डावीकडे!" तीनदा म्हणायचे आणि तीनदा ओढायचे. तिसऱ्या दिवशी आईनं मैदानाच्या मधोमध गाडी बंद केली, किल्ली त्यांच्या मांडीवर टाकली आणि रिक्षा करून घरी आली. त्यानंतर बाबा असेपर्यंत तिनं स्टीअरिंगला हात लावला नाही. मी तेव्हा मागच्या सीटवर होते, म्हणजे ही ऐकीव माहिती नाही.

तर गेल्या वर्षी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आई आम्हाला न सांगता मोटर ट्रेनिंग स्कूलला जायला लागली. आम्हाला कळलं ते थेट लायसन्स घरी आल्यावर. त्यामागं कारण होतं. पुनावळ्याच्या विहारात ती दर रविवारी म्हाताऱ्या माणसांचं बीपी आणि शुगर तपासते. पिंपरीहून तिथं जायचं म्हणजे दोन बस आणि वर चालणं, तेही खांद्याला ती जड पिशवी घेऊन. माझ्याकडे स्कूटी आहे, दादाकडे गाडी आहे, सोडायला कुणीही तयार असतं. पण तिला तेच नको होतं.

"आयुष्यभर कुणीतरी सोडायला आणि कुणीतरी न्यायला," ती म्हणाली. "नाइटला तुझे बाबा सोडायचे, आता तुम्ही सोडता. मला एकदा एकटीनं जायचंय, सारू. एकटीनं जाऊन एकटीनं परत यायचंय."

गेली. आणि पहिल्याच रविवारी, पुनावळ्यात, सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे वळून एका सोसायटीच्या गेटबाहेरच्या कुंडीवर आदळली. कुणाला लागलं नाही. शोभेचं झाड तेवढं आडवं झालं आणि बंपरला पोचा आला. वॉचमननं आईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग फार प्रेमानं विचारलं, "मावशी, घरचं कुणी न्हाई का बरोबर?" हे शेवटचं तिला कुंडीपेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी दादा पिंपळे सौदागरहून धावत आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, आयटीत आहे, आणि 'रिस्क' हा त्याचा आवडता शब्द. "आई, या वयात रिस्क नको. गाडी विकून टाकू. आमच्या सोसायटीतच एक जण घ्यायला तयार आहे."

"मी नाही वळवली," आई म्हणाली. "ती आपली आपण गेली."

दादानं माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. आईनं आमच्याकडे पाहिलं आणि ती समजली. हॉस्पिटलात तिनं हेच वाक्य शेकडो पेशंटांकडून ऐकलं असणार — मी नाही पडलो सिस्टर, आपोआप पडलो. आता ते तिच्यावरच आलं होतं आणि ते तिच्या चेहऱ्यावर मला सहन होईना.

"मला दोन आठवडे दे," मी दादाला म्हणाले. "कारण शोधते."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर वीक."

आईसमोर म्हणाले मी हे. गाडी तिची, जायचं तिला, आणि मी परस्पर शब्द देऊन बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

पुनावळ्यातच पोपटभाऊंचं गॅरेज आहे. तिथली जुनी घरं आता थोडी उरलीत, त्यातलं एक यांचं. चारी बाजूंना वीस-बावीस मजली टॉवर आणि मधे यांची पत्र्याची शेड. पूर्वी तिथं त्यांच्याच ज्वारीचं रान होतं. गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स आलं तेव्हा आसपासचे मेकॅनिक कुरकुरत बसले, पोपटभाऊंनी स्कॅनर घेतला. त्याच्याशी ते बोलतातसुद्धा.

मी सगळा तपशील सांगितला. त्यांनी आधी टायरची हवा बघितली, मग अलाइनमेंट, मग गाडीखाली जाऊन सगळे जोड हलवून बघितले. सगळं ठीक. मग स्टीअरिंगखालच्या सॉकेटात स्कॅनरची पिन घातली आणि चाकं अगदी सरळ ठेवून आकडा वाचला.

"ह्ये बघा ताई. चाक सरळ हाय आन ही बया म्हनती सात डिग्री डावीकडं." त्यांनी स्टीअरिंग जरासं हलवलं. आकडा बारावर गेला, मग शून्यावर, मग परत सातावर. "खोटं बोलतीया. सेन्सर ग्येला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्टीअरिंगच्या मागे बांगडीएवढा एक सेन्सर असतो. स्टीअरिंग किती आणि कुठं वळलंय हे तो गाडीला सांगतो. आताच्या गाड्यांत स्टीअरिंगला मोटरची मदत असते, आणि सेन्सरच खोटं सांगायला लागला तर ती मदत भलत्याच दिशेनं होऊ शकते. म्हणजे आई खरं बोलत होती! पहिल्याच 'का'ला उत्तर. मी तिथूनच आईला फोन केला आणि म्हटलं, "तुझी चूक नव्हती." तिनं ते मला दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "दादाला सांग."

पोपटभाऊंनी तरी घाई केली नाही. बॅटरीचा व्होल्टेज बघितला, वायर तपासली, कनेक्टर साफ करून परत लावला. आकडा उड्या मारतच होता. मग नवा सेन्सर मागवला. तो बुधवारी आला, आणि दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, कारण आमच्या भागातल्या कंपन्यांचा रविवार गुरुवारी असतो (रविवारी कामच असतं, पण तेव्हा माझी दुपारची पाळी चालू होती).

बदलताना मी समोर उभी होते. त्यांनी बॅटरीची तार सोडली आणि चहा सांगितला. "एअरबॅगमदला करंट उतरू द्यावा लागतो. घाई क्येली तर फुगा थोबाडावर." चहा झाल्यावर एअरबॅग काढली, स्टीअरिंग आणि दांडा यांच्यावर मिळून रंगाची एक रेघ मारली — परत बसवताना तसूभर इकडेतिकडे नको म्हणून — मग नट सोडून स्टीअरिंग उपसलं. आतली वायरची गुंडाळी फिरू नये म्हणून तिला चिकटपट्टी लावली आणि तिच्यामागून तो सेन्सर निघाला. मी सवयीनं पर्समधला लाल टॅग काढून त्याला बांधला. पोपटभाऊ बघतच राहिले.

नवा बसला, रेघेला रेघ जुळली. स्कॅनर लावून स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मग मधोमध, आणि तिथं गाडीला सांगायचं की हे तुझं शून्य. आकडा आला शून्य पॉइंट शून्य. मग आईनं गाडी चालवली, पोपटभाऊ शेजारी बसले आणि हायवेच्या सर्व्हिस रोडला गाडी सुतात गेली.

"तरी एक लिंबू बांदून टाका," ते उतरताना म्हणाले.

"सरबत करा त्याचं," मी म्हटलं. केवढी मिजास होती माझी!

रविवारी आई एकटी निघाली. नऊला निघाली आणि सव्वानऊला परत. काळेवाडीच्या पुढे गेलीच नाही. धडकली नव्हती, पण गाडी परत तशीच गेली होती, तीनदा. पिशवी न उघडता तिनं किल्ली टेबलावर ठेवली आणि ती भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी होती ती.

"पुढच्या रविवारी येऊ दे दादाच्या त्या गिऱ्हाइकाला," पाठमोरीच म्हणाली. "घेऊन जाऊ दे."

मला त्या सेन्सरचा, पोपटभाऊंचा आणि स्वतःचा असा एकदम राग आला. माझ्याकडे एक छोटं यंत्र आहे, त्याच सॉकेटात बसतं आणि गाडी कुठंही असली तरी तिच्यातले सगळे आकडे नेटवरून माझ्या फोनमध्ये उतरवतं. ते मी लावून ठेवलं आणि सोमवारी सकाळी आईला हातापाया पडून सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर एक चक्कर मारायला लावली. एकटीला. मी गच्चीवरून बघत होते.

रेकॉर्डिंग घेऊन मी कामावर जाण्याआधी पोपटभाऊंकडे. सेन्सर चोख होता. स्टीअरिंग खरोखरच वळत होतं. सात अंश डावीकडे आणि परत, सात अंश आणि परत, सात अंश आणि परत. तीन झटके. पण पोपटभाऊ दुसऱ्याच रेषेवर बोट ठेवून बसले होते. स्टीअरिंगच्या दांड्यात आणखी एक सेन्सर असतो, तो चालवणाऱ्याच्या हाताचा जोर मोजतो. आधी हात जोर लावतो, मग मोटर मदत करते.

"हितं मोटरनं आपल्या मनानं कायबी क्येलं न्हाई," ते म्हणाले. "आदी हात लागलाय. डावीकडनं. मग मोटर."

"आई म्हणते ती वळवत नाही."

"मग कुनाचा हात हाय?"

मी घरी येऊन आईला सांगितलं की कदाचित तूच नकळत ओढत असशील, टेन्शनमध्ये होतं असं. तिनं माझ्याकडे बघितलं.

"बत्तीस वर्षं शिरा शोधल्यात मी, सारू. लहान लेकरांच्या सुद्धा. माझा हात कुठं जातो ते मला कळत नाही होय?" मग दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

गुरुवार उजाडला. हातात तेवढाच दिवस होता. आमच्याकडे कारण सापडत नसलं की अदलाबदल करून बघतात. संशयाचा पार्ट चांगल्या मशीनला लावायचा आणि चांगला संशयाच्या मशीनला. बिघाड पार्टाबरोबर गेला तर पार्ट खराब, जागेवर राहिला तर मशीन. यापुढे कुणाचं काही चालत नाही. मी ठरवलं, पार्ट बदलून झाला, आता माणसं बदलायची.

चाकण एमआयडीसीत आमच्या कंपनीमागे एक सरळसोट रस्ता आहे. एरवी कंटेनरमुळं तिथं उभं राहता येत नाही, गुरुवारी सकाळी चिटपाखरू नसतं. पोपटभाऊसुद्धा गॅरेजला कुलूप लावून आले. त्यांना म्हणे झोप लागत नव्हती.

आधी मी एकटीनं चालवली. सरळ. पोपटभाऊंनी एकट्यानं चालवली, सरळ. आई चालवतेय आणि मी शेजारी, तरी सरळ. आईशेजारी पोपटभाऊ, सरळ. मग आई एकटी... आणि लांबूनसुद्धा दिसलं, गाडी डावीकडे, डावीकडे, डावीकडे. परत एकदा केलं, परत तेच. मला वाटलं वजनाचा प्रश्न असेल, म्हणून शेजारच्या सीटवर तांदळाचं पंचवीस किलोचं पोतं ठेवलं (घरून आणलं होतं, मी तयारीनिशी आले होते). तरी तेच.

"तांदळानं काय हुतंय," पोपटभाऊ म्हणाले. "मानूस पायजे."

मी वहीत बघत होते. बिघाड गाडीबरोबर जात नव्हता. नुसत्या आईबरोबरही जात नव्हता. आई आणि शेजारी माणूस नसलेली सीट, एवढ्यातच तो होता. नोकरीत मी शेकडो वेळा अदलाबदल केलीय, पण असं उत्तर कधी आलं नव्हतं.

पोपटभाऊंनी माझ्या खांद्यावरून वही वाचली. टोपी काढली, परत घातली. "ताई, रागावू नका. पर तुमी समदे पार्ट तपासलं. जो बसल्याला दिसत न्हाई त्यो एक ऱ्हायलाय."

"पोपटभाऊ, प्लीज."

"ऱ्हायलं," ते म्हणाले आणि रस्त्याकडेच्या बंद टपरीच्या फळीवर जाऊन बसले.

मी पोतं काढलं. आता एकच अदलाबदल बाकी होती. पुढची सीट रिकामी ठेवून मी मागे बसले, फोनवर आकडे चालू ठेवून. आई निघाली. वेग पंधरा-वीस. शून्य, शून्य, एक, शून्य. एका बंद गेटापाशी स्टीअरिंग डावीकडे गेलं आणि परत आलं. मी दोन सीटांच्या मधून मान पुढे घातली.

"आई, हात सैल सोड."

"सैलच आहेत."

"घट्ट धरलेस तू."

आईचा संयम संपला. तिनं दोन्ही हात खांद्यापर्यंत वर केले. "हे बघ! हे बघ, लावलाय का हात? लावलाय?"

आणि स्टीअरिंग वळलं. माझ्यापासून दोन फुटांवर, कुणाचाही हात नसताना, डावीकडे गेलं आणि परत आलं, गेलं आणि परत आलं, गेलं आणि परत आलं. फोनवर हाताच्या जोराची रेषा तीनदा उठली. मैदानातली ती सकाळ मला लख्ख आठवली, कारण तेव्हाही मी याच सीटवरून हेच बघत होते.

आईनं ब्रेक मारला. रस्त्याच्या मधोमध गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि ती डावीकडे वळली, त्या सीटकडे.

"अहो," ती म्हणाली.

दोन वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

"अहो, हात काढा आधी. काय वाटतं तुम्हाला, मी आपटेन? आपटले. कुंडीवर आपटले, तेसुद्धा तुमच्यामुळं. सगळ्या गावासमोर खुर्चीवर बसवून पाणी पाजलं मला. बत्तीस वर्षं लोकांना सुया टोचल्यात मी, तेव्हा कुणी माझं मनगट धरायला आलं नाही." मग तिचा आवाज खाली आला. "शेवटचे आठ दिवस तुमची सलाईन मीच लावत होते ना? तेव्हा म्हणालात का, डावीकडे घे म्हणून? गप हात पुढं केलात. तसं आता गप बसायचं. बसायचं असेल तर बसा, मी उतरा म्हणत नाही. कधीच म्हणणार नाही. पण हात मांडीवर ठेवा."

मी मागे बसून रडत होते. का ते विचारू नका, तेव्हा मला कारणबिरण काही शोधायचं नव्हतं.

आईनं पदरानं तोंड पुसलं, हँडब्रेक सोडला आणि गाडी काढली. रस्ता संपेपर्यंत शून्य. वळून परत येईपर्यंत शून्य.

पोपटभाऊ टपरीवरून उठून आले. "काय क्येलं?"

"बोलले," आई म्हणाली.

"त्ये ऱ्हायलंच हुतं की," ते म्हणाले, नट आवळायचा राहिला होता अशा थाटात.

रविवारी दादा साडेआठलाच हजर. गिऱ्हाईक बाराला येणार होतं. आईनं पिशवी घेतली, किल्ली घेतली आणि म्हणाली, "मी जाऊन येते. मग काय ते ठरवू." दादानं "मी बसतो शेजारी" म्हणेपर्यंत ती लिफ्टमध्ये होती. नंतरचे तीन तास आम्ही दोघं बाल्कनीत. त्यानं फोन काढला की मी खाली ठेवायला लावायची, कारण गाडी चालवताना फोन वाजलेला तिला चालत नाही. दादाला मी गुरुवारचं काहीच सांगितलं नव्हतं. काय सांगणार होते?

सव्वाबाराला पांढरी गाडी गेटातून आत आली. एकटी गेली होती, एकटीनं परत आली. दादानं खाली जाऊन चारी बाजूंनी गाडी तपासली, नवा ओरखडा नाही. मग त्यानं आईकडे बघितलं आणि किल्ली तिच्याच हातात राहू दिली. गिऱ्हाईक बिचारं बाजूला उभं होतं. आई त्याला म्हणाली, "एवढ्या लांब आलात, बीपी तरी बघून देते." त्याचं जरा जास्तच निघालं. मीठ कमी करायचा सल्ला घेऊन तो रिक्षानं परत गेला.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण ते यंत्र मी गाडीतून काढायचं विसरले होते. परवा कशासाठी तरी फोन चाळताना गेल्या कितीतरी रविवारांचं रेकॉर्डिंग सापडलं. जाताना सगळं सरळ. येतानाही सरळ. फक्त विहारापाशी पोचल्यावर, गाडी उभी, वेग शून्य, इंजिन चालू असताना, स्टीअरिंगवर तीन छोटे झटके. डावीकडे. मग जरा थांबून एक उजवीकडे. मग इंजिन बंद. दर रविवारी.

हे चारही झटके आईच देत असेल, असं म्हणायला मी मोकळी आहे. कॅमेरा लावला तर अर्ध्या तासात निकाल लागेल. मी लावलेला नाही. आमच्या तपासणीच्या फॉर्मवर 'मूळ कारण' असा एक रकाना असतो, तो भरल्याशिवाय फाइल बंद करता येत नाही. या गाडीचा फॉर्म मी घरच्या घरी भरायला घेतला होता. तो रकाना कोरा आहे आणि लाल टॅगवाला जुना सेन्सर त्यावर ठेवलाय, उडू नये म्हणून. कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर खाली जरूर लिहा. खवचट असलं तरी चालेल, माझी काही तक्रार नाही.

आईला मात्र मी विचारलं. ती बीपीच्या मशीनचा पट्टा गुंडाळत होती.

"रविवारी गाडी लावल्यावर, बंद करायच्या आधी काय करत असतेस गं?"

"काय करणार? नीट लागली का विचारते."

"मग?"

"मग काय. डावीकडे अजून जागा आहे म्हणतात."

"आणि तू?"

"मी म्हणते," तिनं पट्टा पिशवीत ठेवला, "असू दे. आहे तिथं असू दे."